मायआयसॅममधून इनोडीबीत: जुनी टेबलं हलवण्याची पायरीपायरीनं वाट

आमच्या गावच्या वाचनालयाचं सॉफ्टवेअर माझ्या गळ्यात पडलं ते "तू कॉम्प्युटरवाला ना, जरा बघ" एवढ्या एका वाक्यावर. कुणीतरी पंधराएक वर्षांपूर्वी पीएचपीत लिहून दिलेलं. सभासद, पुस्तकं, देवघेव, वर्गणीच्या पावत्या, सगळं मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये. एका संध्याकाळी वीज गेली. यूपीएसची बॅटरी कधीच मेली होती. वीज आली तेव्हा देवघेवीचं टेबल उघडेना. पडद्यावर एकच ओळ: टेबलावर ‘क्रॅश्ड’ अशी खूण आहे, दुरुस्त करा. दुरुस्ती चालवली, टेबल उघडलं, पण तीनशेच्या वर नोंदी गायब. ग्रंथपाल बाईंनी त्या दोन दिवस बसून रजिस्टरवरून पुन्हा भरल्या.

तोवर माझी समजूत होती की मायएसक्यूएल ही एकच एकसंध वस्तू आहे. तसं नाही. त्यातलं प्रत्येक टेबल कुठल्या ना कुठल्या ‘स्टोरेज इंजिन’मध्ये राहतं, आणि वीज गेल्यावर काय होणार, दोघांनी एकाच वेळी नोंद केली तर कोण थांबणार, डिस्कवर जागा किती लागणार, हे त्या इंजिनावर ठरतं. तुमच्याही पदरात असा जुना डेटाबेस आला असेल, तर मी ज्या क्रमानं चुकलो त्याच्या उलट क्रमानं जा.

एक सूचना: कमांड आणि सेटिंगांची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं, आणि सेटिंगच्या नावातल्या मोकळ्या जागेऐवजी अंडरस्कोर.

आधी थोडी ओळख

वाचनालयाचंच उदाहरण घेऊ. तुम्ही काउंटरवर चिठ्ठी देता. काउंटरवरचा माणूस ती वाचतो, तुम्ही सभासद आहात का बघतो, कुठल्या दालनात शोधायचं ते ठरवतो. पण पुस्तक प्रत्यक्ष काढून आणतो तो आतला भांडारातला माणूस. कपाटं कशी लावायची, एकाच वेळी किती जणांना आत घ्यायचं, हा त्याचा कारभार. मायएसक्यूएलमध्ये क्वेरी (डेटाबेसकडे केलेली मागणी) वाचणं, परवानग्या तपासणं, वाट निवडणं हे काउंटरचं काम, आणि ओळी डिस्कवर लिहिणं, लॉक लावणं, इंडेक्स (नोंद झटपट सापडावी म्हणून ठेवलेली सूची) सांभाळणं हे इंजिनाचं. काउंटर एकच, भांडारी अनेक.

जुन्या डेटाबेसात मायआयसॅम हे इंजिन सापडतं याचं कारण साधं आहे. २०१० मध्ये ५.५ ही आवृत्ती येईपर्यंत, इंजिनाचं नाव न लिहिता बनवलेलं टेबल मायआयसॅममध्येच जायचं. ५.५ पासून तो मान इनोडीबी या दुसऱ्या इंजिनाला मिळाला. इनोडीबी मुळात बाहेरचं. हेइक्की तूरी यांच्या इनोबेस या फिनलंडमधल्या कंपनीनं ते बनवलं. २००५ मध्ये ती कंपनी ओरॅकलनं विकत घेतली, २००८ मध्ये मायएसक्यूएल सन मायक्रोसिस्टिम्सकडे गेलं, आणि २०१० मध्ये सनच ओरॅकलच्या हाती आली. ही चाहूल लागताच मायएसक्यूएलचे एक जनक मॉन्टी विडेनियस यांनी २००९ मध्ये वेगळी चूल मांडली, ती मारियाडीबी. (‘माय’ आणि ‘मारिया’ ही त्यांच्या दोन मुलींची नावं.) इनोडीबी दोन्ही घरांत आहे, बाकीची काही इंजिनं मात्र वेगवेगळी. त्यामुळे इंटरनेटवरचा सल्ला वाचताना तो कुठल्या घरासाठी लिहिलाय ते आधी बघा.

हाताशी काय हवं

- डेटाबेसचा रूट किंवा तितक्या अधिकाराचा लॉगिन
- सर्व्हरची कॉन्फिग फाइल बदलण्याची मुभा. शेअर्ड होस्टिंगवर ही मिळत नाही; तिथे पायरी ६ आणि ७ तुमच्या हातात नाहीत
- सगळ्यात मोठ्या टेबलाच्या निदान तिप्पट मोकळी डिस्क
- मूळ सर्व्हरसारखाच दुसरा एक संगणक किंवा व्हर्च्युअल मशीन, तालमीसाठी
- अ‍ॅप्लिकेशनचा सोर्स कोड
- एक वही. हसू नका, कुठली सेटिंग काय होती आणि काय केली हे लिहिलं नाही तर रात्री अकरा वाजता आठवत नाही

## १. टेबलं कुठे राहतात ते बघा

‘शो इंजिन्स’ ही कमांड सर्व्हरवर कोणती इंजिनं आहेत आणि ठरलेलं कोणतं ते सांगते. ‘शो टेबल स्टेटस’ एका डेटाबेसातल्या प्रत्येक टेबलाचं इंजिन दाखवते. सगळे डेटाबेस एकदम बघायचे तर इन्फॉर्मेशन स्कीमामधल्या ‘टेबल्स’ला विचारा: डेटाबेसचं नाव, टेबलाचं नाव, इंजिन, डेटाची लांबी, इंडेक्सची लांबी.

हे करताना तीन गोष्टी लक्षात ठेवा. इनोडीबीच्या टेबलांसमोर दिसणारा नोंदींचा आकडा अंदाजे असतो. त्यावरून "नोंदी कमी झाल्या" असा आरडाओरडा करू नका. मी केला होता. मायएसक्यूएल ८.० मध्ये हे आकडे चोवीस तासांपर्यंत शिळेही असू शकतात. आणि ‘मायएसक्यूएल’ नावाचा जो अंतर्गत डेटाबेस असतो त्याला हात लावायचा नाही, तिथे काहीही इंजिन दिसो. मारियाडीबीत तिथे एरिया नावाचं इंजिन दिसेल. ते तसंच राहू द्या.

## २. इंजिन निवडा

नव्वद टक्के वेळा उत्तर इनोडीबीच आहे. पण का, हे कळल्याशिवाय पुढच्या पायऱ्यांना अर्थ नाही, म्हणून इथे जरा थांबतो.

इनोडीबी कुठलाही बदल मूळ जागी डिस्कवर लिहिण्याआधी ‘रीडू लॉग’ नावाच्या वहीत टिपतं. कच्च्या खतावणीसारखं. वीज गेली, तर पुन्हा सुरू होताना ती वही वाचून अर्धवट राहिलेलं पुरं करतं आणि कमिट (म्हणजे पक्कं) न झालेलं मागे घेतं. मायआयसॅमकडे अशी वही नाही. लिहिता लिहिता वीज गेली की डेटाची फाइल एक सांगते, इंडेक्सची फाइल दुसरंच. आमच्या तीनशे नोंदी याच फटीत पडल्या.

दुसरा फरक लॉकचा. मायआयसॅममध्ये एक नोंद बदलायची तरी अख्ख्या टेबलाला कुलूप. एका काउंटरवर पुस्तक परत घेताहेत तोवर दुसऱ्या काउंटरवरची नोंद ताटकळणार. इनोडीबी ओळीपुरतं कुलूप लावतं, आणि वाचणाऱ्याला जुनी प्रत दाखवून सहसा थांबवतच नाही. फॉरेन की (एका टेबलातली नोंद दुसऱ्या टेबलातल्या नोंदीशी बांधणारा नियम) आणि ट्रान्झॅक्शन (सगळे होतील नाहीतर एकही नाही, असा बदलांचा गट) या दोन गोष्टीही मायआयसॅममध्ये नाहीत.

बाकीची इंजिनं थोडक्यात:

मेमरी: सगळं रॅममध्ये. सर्व्हर बंद झाला की टेबलाचा सांगाडा उरतो, नोंदी जातात. शिवाय ‘व्हारचार’ स्तंभालाही पूर्ण लांबीची जागा धरली जाते, त्यामुळे ते वाटतं तितकं काटकसरीही नाही. लॉगिनची सत्रं यात ठेवून पस्तावलेले लोक मला ठाऊक आहेत.

आर्काइव्ह: नोंदी दाबून, कमी जागेत ठेवतं. भरता येतं, वाचता येतं. बदलता किंवा पुसता येत नाही. जुन्या लॉगसाठी ठीक, पण ऑटो इन्क्रिमेंटचा (आपोआप वाढत्या क्रमांकाचा) स्तंभ सोडून कशावरही इंडेक्स नाही.

एरिया: मारियाडीबीचं, मायआयसॅमचा सुधारलेला भाऊ. वीज गेल्यावर सावरतो, पण ट्रान्झॅक्शन नाहीत आणि कुलूप टेबलालाच.

मायरॉक्स: फेसबुकनं बनवलेल्या रॉक्सडीबीवर उभं, मारियाडीबीत मिळतं. नोंदी आधी मेमरीत गोळा करून, क्रमानं लावून डिस्कवर उतरवतं आणि मागाहून थर एकत्र करतं. त्यामुळे भरपूर लेखन आणि कमी जागा जिथे हवी तिथे उत्तम. फॉरेन की मात्र नाही.

कॉलमस्टोअर: हेही मारियाडीबीचं. डेटा ओळींऐवजी स्तंभांनी साठवतं. कोट्यवधी नोंदींची बेरीज-सरासरी काढायची असेल तर बघा. एकेक नोंद शोधून बदलायची असेल तर नका बघू.

सीएसव्ही आणि ब्लॅकहोल ही नावंही यादीत दिसतील. ब्लॅकहोल नावाप्रमाणेच वागतं: लिहाल ते गिळतं, वाचायला गेलात तर काही नाही. रेप्लिकेशनवाल्यांना (एका सर्व्हरची नक्कल दुसऱ्यावर ठेवणाऱ्यांना) त्याचा उपयोग होतो, तुम्हाला आज नाही.

## ३. बॅकअप घ्या आणि तो दुसरीकडे उतरवून बघा

नवखा माणूस इथे दोन ठिकाणी हमखास अडकतो.

पहिलं: मायएसक्यूएलडम्प या बॅकअपच्या साधनाला ‘सिंगल ट्रान्झॅक्शन’ हा पर्याय दिला की सगळ्या टेबलांचं एकाच क्षणाचं चित्र मिळतं, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ते इनोडीबीपुरतं खरं आहे. मायआयसॅम टेबलांना ट्रान्झॅक्शन माहीतच नाही, त्यामुळे बॅकअप चालू असताना कुणी पावती फाडली तर पावतीचं टेबल एका वेळेचं आणि सभासदाचं दुसऱ्या वेळेचं मिळेल. हलवण्याआधीचा हा बॅकअप अ‍ॅप्लिकेशन बंद ठेवून घ्या, किंवा सगळ्या टेबलांना कुलूप लावणारा पर्याय द्या. स्टोअर्ड प्रोसीजर (सर्व्हरमध्येच ठेवलेले छोटे प्रोग्राम) आणि इव्हेंट (ठरल्या वेळी चालणारी कामं) आपोआप येत नाहीत, त्यांचे पर्याय वेगळे द्यावे लागतात.

दुसरं: मायआयसॅमच्या काळात लोक डेटा फोल्डरमधून टेबलाच्या फाइली उचलून दुसऱ्या सर्व्हरवर ठेवायचे आणि ते चालायचं. इनोडीबीत तसं चालत नाही. टेबलाची फाइल वेगळी दिसते खरी, पण तिचे धागे सामाईक टेबलस्पेस आणि रीडू लॉगशी बांधलेले असतात. फाइल कॉपी करणं म्हणजे बॅकअप, ही सवय आजच सोडा.

बॅकअप घेतलात? आता तो तालमीच्या मशीनवर उतरवा. उतरल्यावर पायरी १ पुन्हा करा. पूर्वीच्या आवृत्त्यांत एक घातक खोड होती: मागितलेलं इंजिन उपलब्ध नसेल तर सर्व्हर फक्त वॉर्निंग देऊन ठरलेल्या इंजिनात टेबल बनवायचा. इनोडीबी बंद असलेल्या सर्व्हरवर बॅकअप उतरवला की सगळं मायआयसॅममध्ये, आणि फॉरेन की मुकाट्यानं गाळलेल्या. ‘नो इंजिन सब्स्टिट्यूशन’ हा एसक्यूएल मोड चालू असेल तर असं न होता सरळ एरर येते. तो चालू आहे ना, तपासा.

## ४. अडथळे आधीच काढा

इंजिन बदलण्याची कमांड एका ओळीची आहे. वेळ जातो तो या पायरीत. माझे तीन रविवार गेले.

शून्य तारखा. जुन्या पीएचपी अ‍ॅप्लिकेशनांत "परत केल्याची तारीख नाही" हे दाखवायला चार शून्यं, दोन शून्यं, दोन शून्यं अशी तारीख घालत. मायएसक्यूएल ५.७ पासून कडक मोड मुळातच चालू असतो आणि टेबल पुन्हा बांधताना अशा तारखांवर अडतं. आधी आपल्या सत्रापुरता कडक मोड सैल करा, त्या स्तंभाला ‘नल’ची (रिकाम्या मूल्याची) परवानगी द्या, मग त्या तारखा नल करा. आणि कोडमध्ये कुठे शून्य तारखेशी तुलना आहे का तेही शोधा, नाहीतर सगळी पुस्तकं परत आलेली दिसतील.

मराठी अक्षरांचा गोंधळ. हे आपल्याकडे फार आढळतं. टेबल लॅटिन-१ या रोमन अक्षरांच्या संचात, पण अ‍ॅप्लिकेशननं आत सगळ्या लिप्या मावणाऱ्या यूटीएफ-८ चे बाइट ढकललेले. अ‍ॅप्लिकेशनमधून मराठी नीट दिसतं, दुसऱ्या साधनातून बघितलं तर टोप्या चढवलेली रोमन अक्षरं. अशा टेबलावर थेट ‘कन्व्हर्ट टू कॅरेक्टर सेट’ चालवलंत तर कचऱ्याचंच प्रामाणिक रूपांतर होईल. बरोबर वाट दोन टप्प्यांची: स्तंभ आधी बायनरी प्रकारात न्या, म्हणजे सर्व्हर बाइटना हात लावत नाही, मग तिथून यूटीएफ-८-एमबी-४ मध्ये. तालमीच्या मशीनवर करा, आणि पन्नास नावं डोळ्यांनी वाचून बघा.

एमबी-४ च का? मायएसक्यूएलचं जुनं ‘यूटीएफ-८’ तीन बाइटपर्यंतच जातं. देवनागरी त्यात मावते, कारण आपल्या प्रत्येक चिन्हाला तीनच बाइट लागतात. इमोजीला चार, म्हणून ती नोंद अडते. चिन्ह म्हणजे इथे अक्षर नव्हे. ‘सार्वजनिक’ हा शब्द डोळ्यांना पाच अक्षरांचा, पण काना, रफाराचा हलंत, वेलांटी धरून तो नऊ चिन्हांचा आणि सत्तावीस बाइटांचा. पुस्तकाच्या नावासाठी ४० चा स्तंभ ठेवणाऱ्यानं हे मोजलं नव्हतं. आमच्याकडे लांब नावं शेपूट तुटलेली आहेत.

इंडेक्सची लांबी. जुन्या पद्धतीच्या ओळरचनेत इनोडीबीच्या इंडेक्समधल्या एका स्तंभाला ७६७ बाइटांची मर्यादा. एमबी-४ मध्ये २५५ चिन्हांचा स्तंभ १०२० बाइटांपर्यंत जातो, म्हणून एरर. इंटरनेटवर १९१ हा विचित्र आकडा दिसतो तो इथूनच आला: ७६७ भागिले ४. ओळरचना ‘डायनॅमिक’ केलीत तर मर्यादा ३०७२ होते आणि प्रश्न मिटतो.

दुय्यम स्थानावरचा ऑटो इन्क्रिमेंट. मायआयसॅममध्ये ‘वर्ष, अनुक्रमांक’ अशी जोडकी ठेवून दर वर्षी १ पासून क्रमांक आपोआप सुरू करता यायचे. इनोडीबीत तो स्तंभ एखाद्या इंडेक्समध्ये पहिला असावाच लागतो. आमच्या पावत्या नेमक्या अशाच होत्या.

आणि पावतीवरून आठवलं: पावती क्रमांक ऑटो इन्क्रिमेंटवर कधीच सोडू नका. इनोडीबीत ट्रान्झॅक्शन मागे घेतलं तरी वापरलेला क्रमांक परत येत नाही, मध्ये भोक पडतं. मग हिशेब तपासनीस विचारणार, चारशे बारा नंबरची पावती कुठे? वर्षाला एक ओळ असलेलं छोटं टेबल ठेवा. ट्रान्झॅक्शनमध्ये ती ओळ ‘सिलेक्ट फॉर अपडेट’नं धरा, आकडा एकानं वाढवा, पावती लिहा, कमिट करा.

अनाथ नोंदी. फॉरेन की लावायची तर नसलेल्या सभासदाच्या नावावरची देवघेव आधी निकालात काढावी लागते. दोन्ही बाजूंच्या स्तंभांचा प्रकार तंतोतंत सारखा हवा. एकीकडे ‘अनसाइन्ड’ आणि दुसरीकडे साधा पूर्णांक असला तरी नकार येतो.

## ५. हलवा

कमांड: ‘ऑल्टर टेबल’, टेबलाचं नाव, ‘इंजिन बरोबर इनोडीबी’. सर्व्हर नवं टेबल बांधतो, ओळी कॉपी करतो, मग नावांची अदलाबदल. तेवढा वेळ त्या टेबलात लिहिता येत नाही आणि दोन्ही प्रती डिस्कवर असतात. जागा मधेच संपली तर रडायची वेळ येते, म्हणून वर तिप्पट म्हटलं. हलवल्यावरही टेबल पूर्वीपेक्षा मोठंच राहतं. आमचं देवघेवीचं दुपटीच्या जरा वर गेलं.

छोट्या टेबलांपासून सुरुवात करा, पण अर्ध्यावर सोडून घरी जाऊ नका. एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये एक टेबल इनोडीबीचं आणि एक मायआयसॅमचं असेल, तर रोलबॅक केल्यावर (ट्रान्झॅक्शन मागे घेतल्यावर) पहिल्यातला बदल मागे जातो, दुसऱ्यातला तसाच राहतो, आणि सर्व्हर फक्त एक वॉर्निंग देतो. ती कुणी वाचत नाही.

इंजिन बदललं म्हणजे ट्रान्झॅक्शन आपोआप मिळाली असंही नाही. प्रत्येक वाक्य स्वतंत्रपणे कमिट होत राहतं. वर्गणी घेताना पावती लिहिणं आणि सभासदाची मुदत वाढवणं ही दोन वाक्यं एकत्र बांधायची तर कोडमध्ये सुरुवात आणि कमिट तुम्हालाच लिहावं लागतं. आणखी एक नवा पाहुणा येईल: डेडलॉक, एरर १२१३. दोघांनी एकमेकांच्या ओळी अडवल्या की इनोडीबी एकाला बाहेर काढतं. हा बिघाड नाही. कोडनं ते ट्रान्झॅक्शन पुन्हा एकदा चालवायचं.

## ६. मेमरीचं वाटप बदला

माझी सगळ्यात लाजिरवाणी चूक इथली. सगळी टेबलं हलवली आणि सॉफ्टवेअर आधीपेक्षा संथ. दोन दिवस मी इनोडीबीला शिव्या घालत होतो.

मायआयसॅम फक्त इंडेक्स स्वतःच्या मेमरीत ठेवतं, ‘की बफर साइझ’मध्ये, डेटा ऑपरेटिंग सिस्टिमच्या भरवशावर. इनोडीबी डेटा आणि इंडेक्स दोन्ही ‘इनोडीबी बफर पूल साइझ’मध्ये ठेवतं. आमच्या कॉन्फिगमध्ये पहिल्याला भरपूर मेमरी दिलेली, आणि दुसरा न लिहिल्यामुळे मूळच्या १२८ एमबीवर. म्हणजे राहतं घर मोकळं आणि नव्या बिऱ्हाडाला एक खोली.

मशीनवर फक्त डेटाबेसच असेल तर बफर पूलला रॅमच्या ७० ते ८० टक्क्यांपर्यंत द्यायची पद्धत आहे. त्याच मशीनवर वेब सर्व्हरही असेल, जसं छोट्या ठिकाणी असतंच, तर निम्म्याच्या आत राहा. डेटाबेस ६०० एमबीचा असेल तर १ जीबी पुरे. ८ जीबी देऊन तो धावत सुटणार नाही. की बफर थोडक्यावर आणा.

पूल पुरतोय का हे बघायला ‘शो ग्लोबल स्टेटस’मधले दोन आकडे: बफर पूल रीड रिक्वेस्ट म्हणजे एकूण मागण्या, बफर पूल रीड्स म्हणजे त्यातल्या डिस्कवर जावं लागलेल्या. कामाच्या वेळी दहा मिनिटांच्या अंतरानं दोनदा टिपा. दुसरा आकडा पहिल्याच्या मानानं भराभर वाढत असेल तर पूल अपुरा आहे.

कॉन्फिग फाइल उघडलीच आहे तर ‘क्वेरी कॅश’च्या (आधीच्या क्वेऱ्यांची उत्तरं साठवणाऱ्या सोयीच्या) ओळीही बघा. मायएसक्यूएल ८.० मध्ये ती सोयच काढून टाकली आहे, आणि त्या ओळी फाइलमध्ये राहिल्या तर अनोळखी सेटिंग म्हणून सर्व्हर सुरूच होत नाही. अपग्रेडच्या रात्री हे कळणं वाईट.

## ७. कमिटची हमी किती हवी ते ठरवा

‘इनोडीबी फ्लश लॉग अ‍ॅट टीआरएक्स कमिट’. नाव लांबलचक, किंमत तीनच:

१ असेल तर प्रत्येक कमिटला लॉग डिस्कवर खरोखर उतरतो. मूळ किंमत हीच.

२ असेल तर कमिटला लॉग ऑपरेटिंग सिस्टिमकडे जातो, डिस्कवर साधारण सेकंदाला एकदा. मायएसक्यूएल एकटं कोसळलं तर काही जात नाही. वीज गेली तर शेवटच्या सेकंदाभरातलं जाऊ शकतं.

० असेल तर लिहिणंही सेकंदाला एकदाच. मायएसक्यूएल कोसळलं तरी नुकसान.

"वेग दहापट वाढवा" छापाच्या सल्ल्यांत हमखास २ किंवा ० सांगितलेलं असतं, आणि त्याची किंमत लिहिलेली नसते. जिथे पैसे घेऊन पावती दिली जाते तिथे १ च ठेवा. जुन्या फिरत्या डिस्कवर फरक जाणवतो हे खरं, पण त्यावरचा उपाय एसएसडी हा आहे. हजारो नोंदी एकदम भरताना मात्र मूल्य बदलण्याऐवजी पाचशे-हजारांचे गट करून एकेका ट्रान्झॅक्शनमध्ये घाला. कमिटची संख्या घटली की वेळ आपोआप घटतो.

## ८. प्रायमरी की नीट निवडा

प्रायमरी की म्हणजे प्रत्येक ओळीची एकमेव ओळख. इनोडीबीत टेबल म्हणजेच प्रायमरी कीचा इंडेक्स. ओळी त्या कीच्या क्रमानं, १६ केबीच्या पानांत राहतात, आणि बाकी प्रत्येक इंडेक्सच्या टोकाला पत्ता म्हणून तीच की लिहिलेली असते. म्हणून की छोटी आणि चढत्या क्रमाची हवी. ३६ अक्षरांचा यूयूआयडी (यंत्रानं बनवलेला एकमेव ओळखक्रमांक) प्रायमरी की केलात तर प्रत्येक इंडेक्स फुगतो, आणि नव्या ओळी कुठेही मधेच घुसत असल्यानं पानं फुटत राहतात. यूयूआयडी हवाच असेल तर १६ बाइटांच्या बायनरी स्तंभात ठेवा. प्रायमरी कीच नसलेलं टेबल सापडलं तर आधी ती द्या. नाहीतर, योग्य असा दुसरा युनिक इंडेक्स नसल्यास, इनोडीबी ६ बाइटांची लपलेली की स्वतः बनवतं, जी तुम्हाला वापरता येत नाही.

## ९. आता मोजा

‘स्लो क्वेरी लॉग’ चालू करा. मुळात त्याची मर्यादा १० सेकंद असते, म्हणजे नऊ सेकंद रखडणारी क्वेरी त्याच्या लेखी वेगवानच. ती १ वर आणा. एक दिवस चालू द्या, सर्वांत वर आलेल्या चार-पाच क्वेऱ्या घ्या, ‘एक्स्प्लेन’ लावून इंडेक्स वापरला जातोय का बघा. मायएसक्यूएल ८.०.१८ पासून ‘एक्स्प्लेन अ‍ॅनलाइझ’ प्रत्यक्ष लागलेला वेळही दाखवतं.

आमच्याकडे सर्वांत वर आलेली क्वेरी पाहून मला हसू आलं. प्रत्येक पानाच्या तळाशी ‘आजवरची एकूण देवघेव’ हा आकडा, त्यासाठी नऊ लाख ओळींवर ‘काउंट’. मायआयसॅम एकूण ओळींचा आकडा कायम खिशात ठेवतं, त्यामुळे तिथे हे फुकट होतं. इनोडीबीत एकाच क्षणी वेगवेगळ्या ट्रान्झॅक्शनना वेगवेगळ्या ओळी दिसू शकतात, म्हणून ते दर वेळी मोजतं. तो आकडा रात्री एकदा काढून वेगळ्या टेबलात ठेवला. कुणाला फरक कळला नाही.

पार्टिशन (टेबलाचे तुकडे करून ठेवणं), कॉम्प्रेशन यांच्या नादी एवढ्यात लागू नका. जुनी वर्षं झटक्यात काढून टाकायला पार्टिशन छान, पण इनोडीबीच्या पार्टिशन केलेल्या टेबलावर फॉरेन की चालत नाही, आणि प्रत्येक युनिक कीमध्ये पार्टिशनचा स्तंभ घालावा लागतो.

## १०. पोस्टग्रेस किंवा एसक्यूलाइट असेल तर

पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये इंजिनांची अशी निवड रोजच्या कामात नसते. २०१९ च्या आवृत्ती १२ पासून दुसरी साठवणपद्धत जोडायची सोय आली, तरी बहुतेक सगळे मूळच्या ‘हीप’वरच असतात. तिथे ओळ बदलली की नवी प्रत लिहिली जाते आणि जुनी तिथेच पडून राहते; ती झाडायचं काम ‘व्हॅक्यूम’चं. ऑटोव्हॅक्यूम मशीन खातंय म्हणून बंद करणं हा तिथला नवख्यांचा आवडता अपघात. ‘शेअर्ड बफर्स’ इथेही १२८ एमबीवर असतं. रॅमच्या पावभागापासून सुरुवात करा, कारण पोस्टग्रेस ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॅशवरही विसंबतं. निवड आहे ती इंडेक्समध्ये: काळाच्या क्रमानं वाढणाऱ्या प्रचंड टेबलांना चिमुकला ब्रिन, जेसनबी आणि मजकूरशोधाला जिन. ‘अनलॉग्ड’ टेबल झपाट्यानं भरतं, पण सर्व्हर कोसळला की रिकामं मिळतं.

आणि एकच संगणक, एकच खिडकी, दिवसाला शंभर-दोनशे नोंदी, एवढाच कारभार असेल तर एसक्यूलाइट बघा. डेटाबेस म्हणजे एक फाइल. ‘वॉल’ मोड चालू केला की लिहिणारा वाचणाऱ्याला अडवत नाही. नेटवर्कवरच्या सामाईक फोल्डरमध्ये मात्र ती फाइल ठेवू नका. खरं सांगायचं तर आमच्या वाचनालयाला सुरुवातीची कितीतरी वर्षं एवढं पुरलं असतं.

गेल्या पावसाळ्यात वीज भर देवघेवीच्या वेळी चारदा गेली. सर्व्हर चारही वेळा स्वतःहून उठला, लॉगमध्ये रिकव्हरी झाल्याच्या ओळी आहेत, आणि रजिस्टरशी ताडून पाहिलं तेव्हा एकही नोंद कमी नव्हती. यूपीएसच्या बॅटरीचा खर्च अजून कार्यकारिणीपुढे मंजुरीला आहे.